वाचकांचे प्रश्न: दोन विमानतळांमधलं अंतर आणि तिकिटावरचा वेळ

मागच्या अंकात छोट्या, प्रादेशिक विमानतळांवर लेख होता आणि त्यात एक वाक्य होतं की दोन विमानतळांमधलं अंतर तेच राहतं, वेळ मात्र रोज वेगळा लागतो. त्यावर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि आकडेमोड जिथे जमेल तिथे एकाच जोडीवर केलीय, एकमेकांपासून ३१० किलोमीटरवर असलेले दोन विमानतळ, म्हणजे एक उत्तर दुसऱ्याशी ताडून बघता येईल.

प्रश्न: मला दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर हवं होतं. एका साईटवर १६७ आलं, दुसरीकडे १९३, तिसरीकडे ३१०, आणि मॅपवर गाडीचा रस्ता टाकला तर ४१०. ह्यातलं खरं कुठलं धरायचं?

चारही खरे आहेत. पहिले तीन तर एकच अंतर आहे, फक्त एकक वेगळं. १६७ हे नॉटिकल मैल, १९३ हे आपले साधे मैल आणि ३१० किलोमीटर. विमानाच्या जगात सगळा हिशोब नॉटिकल मैलात चालतो आणि बऱ्याच साईट नुसतं 'मैल' लिहून मोकळ्या होतात, तिथेच सगळा घोळ होतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, १९२९ साली मोनॅकोमध्ये झालेल्या जलमापन परिषदेत हा आकडा ठरला. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की आधी त्याच्या शेजारी काय लिहिलंय ते बघा, आकडा नंतर.

चौथा आकडा रस्त्याचा. रस्ता डोंगराला वळसा घालतो, नदीवर पूल जिथे असेल तिथेच ओलांडतो, गावातून जातो, म्हणून हवाई अंतरापेक्षा तो साधारण १.२ ते १.४ पट भरतो, मध्ये घाट किंवा खाडी असली तर त्याहून कितीतरी जास्त. तुमच्या बाबतीत ४१० भागिले ३१० म्हणजे १.३ च्या आसपास, अगदी नेहमीसारखं आहे, शंका घेण्यासारखं काही नाही.

आता हे हवाई अंतर स्वतः काढता येतं आणि मला वाटतं प्रत्येकाने एकदा तरी काढून बघावं, कारण मग साईटवर विसंबून राहावं लागत नाही. नॉटिकल मैलाची सोय अशी की अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. समजा तुमच्या दोन विमानतळांच्या अक्षांशात दीड अंशाचा फरक आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण ९० नॉटिकल मैल झाले. रेखांशात अडीच अंशाचा फरक आहे, त्याचे विषुववृत्तावर १५० झाले असते, पण विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतशा रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात, म्हणून त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. २० अंशावर कोसाइन ०.९४, म्हणजे १४१. आता शाळेतला पायथागोरस, ९० चा वर्ग अधिक १४१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १६७. बघा आला की नाही तोच आकडा. हेच दोन विमानतळ ६० अंश अक्षांशावर असते तर तिथे कोसाइन फक्त ०.५, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर १५० चं ७५ वर आलं असतं. ही युक्ती ४००-५०० किलोमीटरपर्यंत छान चालते, त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो आणि नीट गोलाकार त्रिकोणमितीचं सूत्र लावावं लागतं.

दोन साईटवर एकाच एककात ३०९ आणि ३१० असा बारीक फरक दिसला तर त्याचंही कारण आहे. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, ६३७१ किलोमीटर त्रिज्येची, आणि कोणी ती आहे तशी, म्हणजे ध्रुवांवर चपटी धरतं. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे, त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. प्रवाशाने ह्याची काळजी करायचं काही कारण नाही. काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टीची, की साईटने विमानतळ घेतलाय की शहर. विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो, साधारण रनवेच्या मध्यावर, आणि शहराचा बिंदू बाजारपेठेत कुठेतरी असतो, त्या दोघांत २०-३० किलोमीटर सहज निघतात. म्हणून शोधताना शहराचं नाव नको, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका.

प्रश्न: विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं असं सगळीकडे वाचतो. मग ३१० किलोमीटरला २३ मिनिटं पुरे. तिकिटावर १ तास १० मिनिटं का लिहितात? विमान कंपन्या मुद्दाम वेळ फुगवून दाखवतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय, आणि थोडी हवा भरलेली असते हे खरं, पण ४७ मिनिटांची नाही. सुरुवातीपासून बघू.

तिकिटावर जो वेळ असतो तो हवेतला वेळ नाही. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहून चाकांना ठोकळे लागले की बंद. म्हणजे तिकिटावर १० वाजता लिहिलंय तर १० ला विमान जागेवरून सुटायचं असतं, १० ला चाकं जमीन सोडत नाहीत. विमानातली यंत्रणा चार वेळा नोंदवते, जागेवरून निघालं कधी, उडालं कधी, टेकलं कधी, थांबलं कधी. पहिल्या आणि चौथ्यामधलं अंतर म्हणजे ब्लॉक टाइम, मधल्या दोघांमधलं म्हणजे हवेतला वेळ.

आता तो ८०० चा आकडा. तो मोठ्या जेटचा, आणि तोही वर सरळ उडत असतानाचा. छोट्या विमानतळांमध्ये बऱ्याचदा पंख्याची विमानं म्हणजे टर्बोप्रॉप असतात, एटीआर ७२ घ्या, त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. आणि कुठलंही विमान पूर्ण वेळ पूर्ण वेगात नसतंच. बऱ्याच ठिकाणी १० हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, तेव्हा २५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, जेट असलं तरी. टेकायच्या वेळी जेट साधारण १३०-१४० नॉटवर आलेलं असतं.

उतरण्याचा हिशोब तर बघण्यासारखा आहे. वैमानिक ढोबळमानाने दर हजार फुटाला तीन नॉटिकल मैल धरतात. ३५ हजार फुटांवरून खाली यायचं तर १०५ नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर आधी खाली यायला सुरुवात करावी लागते. वर चढायलाही जवळपास तेवढंच अंतर जातं. मग ३१० किलोमीटरच्या प्रवासात जेट ३५ हजारावर जाणार कधी आणि तिथे राहणार कधी? ते बिचारं २०-२५ हजारापर्यंत चढतं, थोडा वेळ सरळ जातं की लगेच उतरायला लागतं. तुम्ही प्रवास केला असेल तर आठवेल, सीटबेल्टचा दिवा बंद होतो, पाण्याचे ग्लास फिरतात आणि ते गोळा करायच्या आतच 'आपण उतरायला सुरुवात करत आहोत' अशी घोषणा येते.

शिवाय विमान नाकासमोर ३१० किलोमीटर जात नाही. निघताना ठरलेल्या मार्गाने बाहेर पडायचं, उतरताना ठरलेल्या मार्गाने आत यायचं, मध्ये सैन्याचा राखीव हवाई भाग असेल तर त्याला वळसा. ३१० चे ३५० किलोमीटर सहज होतात. लांबच्या प्रवासात हे ४० किलोमीटर कुठे हरवून जातात कळतही नाही, पण जवळच्या प्रवासात ते टोचतात.

आता बेरीज करू. टर्बोप्रॉपचा चढण-उतरण धरून सरासरी वेग ताशी ४०० धरा, ३५० किलोमीटरला ५२ मिनिटं. निघताना जमिनीवर १० मिनिटं, पोचल्यावर ५. झाली ६७ मिनिटं. ह्यावर कंपनीने तीन मिनिटं हातची ठेवली की १ तास १० मिनिटं. तुमच्या तिकिटात फुगवटा आहे तो एवढाच. हेच जेटचं केलं, सरासरी ताशी ५०० धरून, तर ४२ अधिक १५, म्हणजे ५७ मिनिटं. ८०० वाल्या आणि ५०० वाल्या विमानात कागदावर केवढा फरक वाटतो आणि प्रत्यक्षात तो १० मिनिटांवर येतो, म्हणून एवढ्या अंतराला टर्बोप्रॉप वापरणं हा शहाणपणाच आहे, इंधनही कमी जळतं आणि छोटा रनवेही चालतो.

गर्दीच्या विमानतळांवर मात्र हातचा वेळ जास्त ठेवतात, कारण तिथे रनवेच्या तोंडाशी रांग लागते, नाहीतर पोचल्यावर हवेत घिरट्या घालाव्या लागतात, ह्या घिरट्यांची एक फेरी साधारण चार मिनिटांची असते. बहुतेक ठिकाणी १५ मिनिटांच्या आत पोचलं तर विमान 'वेळेवर' धरतात, त्यामुळे कंपन्यांनाही थोडी सैल वेळ छापायचा मोह होतो हे नाकारत नाही. पण मला विचाराल तर सैल छापलेली वेळ परवडली, निदान पुढचं नियोजन तरी कोलमडत नाही.

घरी बसल्या अंदाज हवा असेल तर अंतर भागिले सरळ उडतानाचा वेग, आणि त्यात अर्धा तास मिळवा. ३१० भागिले ५०० म्हणजे ३७ मिनिटं, अधिक ३०, आले ६७. जवळच्या प्रवासाला हा अंदाज बऱ्यापैकी बसतो.

प्रश्न: नकाशावर विमानाचा मार्ग वाकडा, कमानीसारखा का दाखवतात? सरळ गेलं तर अंतर कमी नाही का होणार?

तो वाकडाच सरळ आहे. पृथ्वी गोल, नकाशा सपाट, त्यामुळे गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग सपाट कागदावर कमान दिसतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर लंडन आणि लॉस एंजेलिस दोरीने ताणून जोडा, दोरी आपोआप ग्रीनलंडकडून जाईल. ३०० किलोमीटरच्या प्रवासात हा फरक जवळजवळ नसतोच, तिथे मार्ग वाकडा दिसला तर कारण वर सांगितलंय तेच, ठरलेल्या वाटा आणि राखीव हवाई भाग.

प्रश्न: जाताना ५५ मिनिटं आणि येताना १ तास १० मिनिटं, विमान तेच, विमानतळ तेच. वाऱ्यामुळे असं होतं म्हणतात, पण मग जाताना वाचलेला वेळ आणि येताना गेलेला वेळ सारखाच असायला हवा ना, एकूण हिशोब तोच राहायला हवा?

फार छान प्रश्न आहे आणि उत्तर 'नाही' असं आहे. करून बघू. सोपं जावं म्हणून अंतर ३०० धरू, विमान ताशी ५००, चढण-उतरण सोडून द्या. वारा नाही तर जाऊन-येऊन ३६ आणि ३६, एकूण ७२ मिनिटं. आता पाठीमागून ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ६००, म्हणजे ३० मिनिटं, ६ वाचली. येताना तोच वारा तोंडावर, वेग ४००, म्हणजे ४५ मिनिटं, ९ गेली. एकूण ७५. वारा कुठलाही असो, जाऊन-येऊनच्या प्रवासात तो थोडा तरी वेळ खातोच, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि साथीच्या वाऱ्यात कमी वेळ.

अ‍ॅपवर कधीकधी ५०० वाल्या विमानाचा वेग ५९० दाखवतात आणि लोकांना वाटतं अ‍ॅप चुकलं. तो जमिनीच्या हिशोबाचा वेग असतो, हवेच्या हिशोबाचा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी सहा-साडेसहा तास लागतात, त्या दिवशी वादळामुळे पाठीमागचा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, प्रचंड जोरात होता. हा जेट स्ट्रीम साधारण ३० ते ४० हजार फुटांवर असतो. टर्बोप्रॉप त्याच्या बरीच खाली, एटीआरची तर कमाल उंचीच २५ हजार फूट, त्यामुळे तिथे वारा कमी लागतो, पण विमानाचा स्वतःचा वेगही कमी असल्याने कमी वाराही जास्त जाणवतो.

आणि सगळा फरक वरच्या वाऱ्याचाच असतो असं नाही. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच टेकतं. जायचंय पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा, तर आधी पश्चिमेकडे उडायचं आणि मग वळून यायचं, उतरतानाही तसंच झालं की आठ-दहा मिनिटं गेलीच.

प्रश्न: तिकिटावर पोचायची तारीख निघायच्या तारखेच्या आदल्या दिवशीची असू शकते का? मित्राशी पैज लागलीय.

असू शकते, आणि त्यासाठी लांबचा प्रवासही नको. पॅसिफिकमध्ये सामोआ आणि अमेरिकन सामोआ शेजारी-शेजारी आहेत, अपियाजवळचा फालेओलो विमानतळ आणि पागो पागो ह्यांच्यात जेमतेम दीडशे किलोमीटर अंतर. सामोआने २०११ च्या शेवटी आपली बाजू बदलली, आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे गेले, त्यासाठी ३० डिसेंबर २०११ हा दिवसच कॅलेंडरमधून गाळला. आता दोन्हीकडच्या घड्याळात बरोबर २४ तासांचा फरक आहे. सामोआतून शनिवारी सकाळी निघालं की अर्ध्या-पाऊण तासात पागो पागोला उतरता, आणि तिथे शुक्रवारची सकाळ असते. तिकिटावर नेहमी त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापतात, त्यामुळे दोन वेळांची वजाबाकी करण्याआधी दोन्हीकडचं घड्याळ एक आहे का ते बघायचं. प्रवासाचा खरा वेळ वेगळा छापलेला असतो, तोच धरा.

प्रश्न: साधारण किती अंतराच्या पुढे विमान परवडतं? म्हणजे पैशाच्या नाही, वेळेच्या दृष्टीने.

दारापासून दारापर्यंत मोजा, तरच उत्तर येतं. तीच ३१० वाली जोडी घ्या. घरून विमानतळ ४५ मिनिटं, आधी पोचायचं ७५ मिनिटं, ब्लॉक टाइम ७०, उतरून बाहेर पडायला २५, तिथून मुक्कामाला ४५. एकूण २६० मिनिटं, ४ तास २० मिनिटं. रस्त्याने ४१० किलोमीटर, सरासरी ६० ने धरा, जवळपास ७ तास आणि मधले थांबे वेगळे. विमान जिंकलं.

आता अंतर अर्ध्यावर आणा, १५० किलोमीटर. विमानाचा ब्लॉक टाइम ७० चा ५० होईल, बाकीची १९० मिनिटं जशीच्या तशी. म्हणजे ४ तास. रस्ता २०० किलोमीटर, ३ तास २० मिनिटं. रस्ता जिंकला. अंतर निम्मं झालं तरी विमानाचे फक्त २० मिनिटं वाचले, कारण ह्यातला बराचसा वेळ अंतराला बांधलेलाच नाही. माझ्या मते नीट रस्ता असेल तर २०० किलोमीटर हवाई अंतराच्या आत विमानाच्या नादी लागू नये. आणि छोट्या विमानतळांवर दिवसाला एक-दोनच विमानं असतात हेही धरा. तुमचं काम ११ ला संपलं आणि विमान संध्याकाळी ६ ला असलं तर ते मधले तासही प्रवासातच गेले.

पाणी मध्ये आलं की मात्र हा सगळा हिशोब उलटतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं नियमित विमान आहे, अंतर फक्त २.७ किलोमीटर, वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं, अनुकूल वाऱ्यात ते ५३ सेकंदांतही झालेलं आहे. १९६७ पासून चालू आहे. जगातला सगळ्यात छोटा नियमित हवाई प्रवास म्हणून त्याचं कौतुक होतं, पण तिथल्या माणसांसाठी ती रोजची सोय आहे, शिक्षक आणि डॉक्टर त्यातून ये-जा करतात. आठ-दहा जणांचं विमान, चढलं न चढलं की उतरलं. तिथे कोणी २०० किलोमीटरचा नियम सांगितला तर तो वेडेपणा ठरेल.

प्रश्न: धुक्यामुळे आमचं रात्रीचं विमान २०० किलोमीटर लांबच्या विमानतळावर नेलं. जवळच, ७० किलोमीटरवर दुसरा विमानतळ होता. तिथे का नाही उतरवलं? नंतर सहा तास बसने आणलं, लहान मुलं होती, खूप हाल झाले.

हाल झालेच असणार, लहान मुलं घेऊन सहा तास बस म्हणजे चेष्टा नाही. पण निर्णय बहुधा बरोबर होता.

विमान निघायच्या आधीच ठरलेलं असतं की मुक्कामाचं ठिकाण बंद असेल तर कुठे जायचं, त्याला ऑल्टरनेट म्हणतात. इंधनही त्या हिशोबाने भरतात. जमिनीवर लागेल ते, प्रवासाचं, त्यावर अचानक काही उद्भवलं तर म्हणून साधारण प्रवासाच्या ५ टक्के, मग ऑल्टरनेटपर्यंत जायचं, आणि ह्या सगळ्यावर जेट किंवा टर्बोप्रॉप असेल तर आणखी ३० मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं, ज्याला सहसा हात लावायचाच नसतो.

ऑल्टरनेट निवडताना 'सगळ्यात जवळचा' हा निकष नसतो. धुकं ७० किलोमीटरवर तसंच असण्याची शक्यता खूप, दोन्ही विमानतळ एकाच खोऱ्यात असतील तर जवळजवळ नक्कीच. म्हणजे जो जवळ तोच नेमका उपयोगाचा नाही. मग रनवे त्या विमानाला पुरेल का, कमी दिसत असताना उतरवणारी उपकरणं तिथे आहेत का, उभं करायला जागा आहे का, शिडी आणि इंधनाची गाडी आहे का. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, छोटे विमानतळ चोवीस तास उघडे नसतात. कर्मचाऱ्यांची वेळ संपली की टॉवर बंद, दिवे बंद, तिथे उतरताच येत नाही. तुमचं विमान रात्रीचं होतं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा हेही कारण असू शकतं.

बसचे सहा तास मात्र वेगळा विषय. पुढच्या वेळी उतरल्यावर काउंटरवर आधी हे विचारा की धुकं निवळल्यावर हेच विमान परत जाणार आहे का. बऱ्याचदा जातं, आणि दोन-तीन तास थांबून विमानाने जाणं बसपेक्षा लवकर होतं. लहान मुलं बरोबर आहेत हे लगेच सांगा, गर्दी पांगायची वाट बघू नका.

प्रश्न: आई, वय ६८, पहिल्यांदाच एकटी प्रवास करणार आहे. एका विमानतळावर दुपारी ४ ला उतरेल आणि ६० किलोमीटरवरच्या दुसऱ्या विमानतळावरून रात्री ८ चं विमान आहे. दोन तिकिटं वेगवेगळी काढलीत, दोन मोठ्या बॅगा आहेत. चार तास पुरतील ना?

ताई, नाही पुरणार, आणि अजून वेळ आहे तर हे बदला.

मोजू या. पहिलं विमान अर्धा तास लेट झालं असं धरा, हे काही फार नाही. विमानातून बाहेर यायला १५ मिनिटं, बेल्टवर बॅगा यायला ३०, गाडी शोधून सामान टाकून निघायला १५. मग ६० किलोमीटर, मॅप तुम्हाला दुपारी बघितलं तर सव्वा तास दाखवेल पण आई निघणार साडेपाचला, ऐन गर्दीत, तेव्हा दोन तास धरा. चेक-इन काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतं असं धरून चाला, काही ठिकाणी पाऊण तास असतं पण त्या भरवशावर राहू नका. ३०, १५, ३०, १५, १२० आणि ६०, बेरीज २७० मिनिटं, साडेचार तास. तुमच्याकडे चार आहेत. आणि ह्यात आईंना पाणी प्यायला, वॉशरूमला जायला, थोडं बसायला एक मिनिटही धरलेलं नाही.

दुसरी अडचण ह्याहून मोठी आहे. तिकिटं वेगळी असल्यामुळे पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नाही, त्यांच्या दृष्टीने प्रवासी आलाच नाही. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असती तर त्यांनी पुढच्या विमानात बसवलं असतं.

पहिला पर्याय, एकाच तिकिटावर, एकाच विमानतळावर बदल असलेला प्रवास बघा, बॅगाही थेट शेवटपर्यंत जातात का ते विचारून घ्या. बुक करताना मधल्या थांब्याचे दोन्ही कोड एक आहेत का ते नक्की बघा, एकाच शहराचे दोन विमानतळ असले की एकाच तिकिटातही कधीकधी उतरायचा कोड वेगळा आणि उडायचा वेगळा असतो. दुसरा पर्याय, तिकिटं बदलता येत नसतील तर दुसरं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं घ्या आणि रात्रीचा मुक्काम दुसऱ्या विमानतळाजवळ ठेवा, पहिल्याजवळ नको, म्हणजे ते ६० किलोमीटर संध्याकाळीच उरकतील आणि सकाळी धावपळ नाही.

आणि दोन्ही कंपन्यांना फोन करून व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. आई नीट चालतात म्हणून संकोच करू नका, लांब चालवत नसेल, वय असेल, तर ही मदत मागता येते. बरोबर एक माणूस येतो, बेल्टवरून बॅगा उतरवून घेतो, बाहेर गाडीपर्यंत सोडतो. ही मदत निघायच्या निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. गाडीही आधीच ठरवा, ड्रायव्हरचा नंबर आईंच्या फोनमध्ये आणि शिवाय कागदावर लिहून पर्समध्ये द्या, आणि ड्रायव्हरला फक्त शहराचं नाव नाही तर विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनल सांगा.